इंजिन का तापतं? विहिरीवरच्या इंजिनापासून कुंभार्ली घाटापर्यंत



आजची नोंद पिकाची नाही, इंजिनाची आहे. पण शेतीशी संबंध आहेच. आपल्या पाटण तालुक्यात आता वाडीवस्तीवर चारचाकी आली आहे. कुणाची जुनी कार, कुणाचा पिकअप, कुणाचा ट्रॅक्टर. एप्रिल-मे महिन्यात चिपळूणकडून पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलं की बॉनेट उघडून उभ्या गाड्या दिसतात. कुणी बाटलीनं पाणी ओततोय, कुणी झाकणाला फडकं गुंडाळून पिळतोय. भाजलेल्या माणसाची गोष्टही दर उन्हाळ्यात कानावर येते.

इंजिन तापतं का, याचं उत्तर गॅरेजवाला देतोच. मला जरा मागं जाऊन बघायचं आहे. कारण माझं मत असं झालंय की आपण गाडी आजची वापरतो आणि तिला पाणी पाजायची पद्धत मात्र आज्याच्या काळातली. त्या पद्धती कुठून आल्या ते कळलं तर कुठली ठेवायची आणि कुठली सोडायची हेही कळेल.

आधी मूळ गोष्ट. इंजिन तापणं हा काही रोग नाही. तेल जाळूनच ते चालतं. सिलिंडरच्या आत जाळ होतो त्या क्षणी उष्णता २००० अंशांच्या आसपास जाते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं. मग इंजिन वितळत का नाही? ज्यानं गुऱ्हाळ बघितलंय त्याला हे लगेच कळेल. काहिलीखाली केवढा जाळ असतो, पण रस आहे तोवर काहील जळत नाही. रस उष्णता घेतो, वाफ होऊन सोडतो. रस कमी झाला, एखादी जागा उघडी पडली की तिथंच करपतं. इंजिनाचंही तसंच. सिलिंडरच्या भोवती पाणी खेळतं आहे तोवर लोखंड शाबूत. पाणी हटलं की करपलं.

जर्मनीत रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली आपलं इंजिन चालवून दाखवलं, तेव्हा तेलातल्या शंभर भाग उष्णतेपैकी साधारण २६ भागांचं काम झालं. त्या काळात ती फार मोठी गोष्ट होती. आजची चांगली डिझेल इंजिनं ३५ ते ४० भागांपर्यंत जातात. म्हणजे १०० रुपयांचं डिझेल टाकलं तर ६० रुपयांची नुसती उष्णता. त्यातली काही धुराबरोबर जाते, बाकीची इंजिनाच्या अंगातून बाहेर काढावी लागते. ती कशी काढायची, हाच सगळा इतिहास.

सुरुवातीला काढायची पद्धत एकच होती, पाणी उकळू द्यायचं आणि वाफ जाऊ द्यायची. कार्ल बेंझनं १८८६ साली ज्या गाडीचं पेटंट घेतलं, तिला रेडिएटर नव्हता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या गाडीतून माहेरी निघाली. मानहाइम ते फोर्झहाइम, शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत जिथं पाणी दिसेल तिथं थांबून भरत गेली. गाडी तापली की पाणी ओतायचं ही सवय गाडीइतकीच जुनी आहे, आणि त्या गाडीसाठी ती बरोबरच होती. पाणी उडून जाणार हे धरूनच ती बनवली होती.

पुढं विल्हेल्म मायबाख या माणसानं हा प्रश्न सोडवला. १९०० च्या शेवटाला तयार झालेल्या पहिल्या मर्सिडीज गाडीला त्यानं मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात आठ हजारांवर बारीक नळ्या होत्या. पाणी पातळ थरात पसरलं, वारा भरपूर लागला, पाणी न उकळता गार व्हायला लागलं. आजच्या गाडीच्या तोंडाशी जी जाळी असते ती त्याच घराण्यातली.

आता आपल्याकडं येऊ.

आपल्या भागातल्या लोकांनी इंजिन बघितलं ते रस्त्यावर नव्हे, विहिरीवर. आणि ही इंजिनं परमुलखातून आली असं समजायचं कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर सुरू केला. मग औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी केली. आज ती सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे. नांगर, चरक, पुढं पाण्याचे पंप तिथं झाले. इकडं आपल्या सातारा जिल्ह्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला. तिथंही आधी नांगर, आणि १९३० च्या दशकात डिझेल इंजिन. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. मुख्यमंत्र्याला तेव्हा तसं म्हणत. १९४६ साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मोटेची जागा इंजिनानं घेतली. कोयनेची वीज साठच्या दशकात मुंबईकडं गेली, पण आपल्या डोंगरातल्या वस्त्यांवर खांब यायला पुढं बरीच वर्षं लागली. तोवर विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं इंजिनच.

माझ्या वयाच्या माणसांनी ते हँडल मारून चालू केलंय. त्याला गार ठेवायच्या दोन तऱ्हा होत्या.

पहिली, पंपाच्या पाण्यातूनच एक बारीक नळी इंजिनाला द्यायची. विहिरीचं गार पाणी इंजिनाच्या अंगातून फिरून गरम होऊन पाटात पडायचं. जाणता माणूस त्या पाण्याखाली हात धरून बघायचा. पाणी हाताला चांगलं गरम लागलं पाहिजे. एकदम गार येत असेल तर तो कॉक दाबून पाणी कमी करायचा. नवख्याला वाटायचं, गार तेवढं चांगलं. पण इंजिन फार गार राहिलं की डिझेल नीट जळत नाही, पांढरा धूर येतो, तेल खराब होतं आणि लायनर-रिंग लवकर झिजतात. इंजिन तापलं तर एका दिवसात मरतं आणि गारठलं तर दोन-चार वर्षांत. विहिरीवरच्या त्या अडाणी म्हटलेल्या माणसाला हे ठाऊक होतं.

दुसरी तऱ्हा पिपाची. इंजिनाच्या शेजारी चौथऱ्यावर पाण्यानं भरलेलं पिंप, वर एक नळी, खाली एक नळी. पंप नाही, काही नाही. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, वरच्या नळीनं पिपात येतं, गार झालेलं जड पाणी खालच्या नळीनं इंजिनात जातं. आपोआप फिरतं. अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी गाडी १९०८ साली निघाली. सुरुवातीच्या थोड्या गाड्या सोडल्या तर तिलाही पाण्याचा पंप नव्हता, हीच युक्ती होती. दीड कोटी गाड्या त्यावर चालल्या. या तऱ्हेत एक अट होती. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या वर पाहिजे. चार बोटं जरी खाली गेली तरी फिरणं बंद. पिपात अर्ध्याच्या वर पाणी दिसतंय, तरी इंजिन तापून बंद पडतंय, असं त्यामुळं व्हायचं.

ट्रॅक्टर आले तेव्हा तिसरी तऱ्हाही आली. १९५९ साली फरीदाबादला बनू लागलेल्या आयशर ट्रॅक्टरला पाणीच नव्हतं, वाऱ्यानं गार होणारं इंजिन. ज्यांनी तो वापरला त्यांना आठवत असेल, सिलिंडरच्या पाकळ्यांत भुसा आणि धूळ बसली की तो तापायचा. पाण्याचा रेडिएटर नाही म्हणून काळजी नाही, असं तिथंही नव्हतं. वाऱ्याची वाट मोकळी ठेवावीच लागायची.

मग रस्त्यावरची वाहनं. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते नगर धावली. पुढं ती खेड्यापाड्यांत आली. जुन्या एसटीत ड्रायव्हरच्या शेजारी ते गरम बॉनेट आणि पाण्याचा डबा असायचाच. घाटमाथ्यावर गाडी थांबायची, पाणी बघितलं जायचं, मगच पुढं. महिंद्रा कंपनीनं १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली होती. त्या जीपची पिल्लावळ पुढं आपल्याकडं वडाप म्हणून आली. आत पंधरा, मागं लोंबकळणारे चार, आणि ड्रायव्हरच्या पायाशी पाच लिटरचा कॅन. ही इंजिनं बिडाची, जाड अंगाची. जरा तापली तरी दम खाऊन परत चालायची. नदीचं पाणी ओता, विहिरीचं ओता, चालायचं. थर्मोस्टॅट नावाची जी झडप असते ती बरेच मिस्त्री काढूनच टाकायचे. तिला ते 'अडथळा' म्हणत.

आपल्या सगळ्या सवयी या काळातल्या आहेत. वडाप चालवणारा मिस्त्री झाला, त्याचा चेला आज गॅरेज चालवतोय. हात तेच, शिकवण तीच. पण मधल्या काळात गाडी पार बदलली.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुतीच्या पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. त्या गाडीत इंजिन आडवं बसवलेलं, त्यामुळं रेडिएटरचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर न राहता विजेवर गेला. पुढं हळूहळू सगळ्याच गाड्यांत पाण्याची वाट बंदिस्त झाली, हेड अ‍ॅल्युमिनियमचं झालं, पाण्याची जागा कूलंटनं घेतली. या चार बदलांनी जुनी एकेक सवय चुकीची ठरवली. एकेक बघू.

पहिला बदल दाबाचा. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशाला उकळतं, महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच. प्रेशर कुकरमध्ये ते १२० पर्यंत न उकळता जातं. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच. त्यातल्या स्प्रिंगनं साधारण एक वातावरणाइतका जादा दाब धरला जातो. त्यामुळं ११० अंशाचं पाणीही आत शांत असतं. झाकण फिरवलं की दाब गेला, आणि ते सगळं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. बर्था बेंझच्या गाडीचं झाकण खुशाल उघडावं. आजच्या गाडीचं गरम असताना उघडणं म्हणजे कुकर जोर लावून उघडणं. वरचा होज पाइप हातात धरता येईल इतका गार होईपर्यंत, अर्धा तास तरी, झाकणाला हात लावू नये.

दुसरा बदल हेडचा. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. इंजिन कोरडं तापलं की हेड वाकडं होतं, हेड गॅस्केट जळतं. वर आपण गार पाणी ओतलं तर तडाच जातो. जुनी जीप दम खाऊन उठायची तशी ही उठत नाही.

तिसरा बदल कूलंटचा. याची गंमत आहे. ग्लायकॉल नावाचा पदार्थ गाडीच्या पाण्यात घालायची पद्धत थंड देशांतली, पाणी गोठून इंजिन फुटू नये म्हणून. आपल्याकडं कुठं बर्फ पडतंय, म्हणून आपल्या माणसांनी ते गरजेचं मानलं नाही, आणि त्या काळात ते खोटंही नव्हतं. आज मात्र कूलंट लागतं ते गोठण्यासाठी नव्हे. एक तर त्यानं उकळण्याचा बिंदू वर जातो. दुसरं, त्यातली औषधं अ‍ॅल्युमिनियम, लोखंड, सोल्डर यांना गंज आणि क्षारापासून वाचवतात. ठिबक वापरणाऱ्याला हे सांगायला नको. बोअरच्या जड पाण्यानं ड्रिपर कसे चोक होतात ते आपण बघतो, आम्लाची प्रक्रिया करतो. रेडिएटरच्या नळ्या काही ड्रिपरपेक्षा फार मोठ्या नाहीत. त्यात बोअरचं पाणी दोन वर्षं घातलं तर पांढरा थर बसणारच, आणि तिथं पाणी तापून उडतं म्हणून ठिबकपेक्षा लवकर बसणार. क्षाराचा थर उष्णता अडवतो. बाहेरून रेडिएटर भरलेला, आतून पाट गाळानं भरलेला.

चौथा थर्मोस्टॅट. विहिरीवरचा माणूस हात धरून कॉक दाबायचा ना, तेच काम ही झडप करते. आत मेण असतं, साधारण ८० ते ९० अंशाला ते फुगतं आणि रेडिएटरकडची वाट उघडतं. तोवर पाणी इंजिनातच फिरवून इंजिन लवकर गरम करतं. ती काढली तर सपाटीला इंजिन गारठतं, डिझेल जास्त पितं. आणि बऱ्याच इंजिनांत हीच झडप उघडताना आतली आडवाट बंद करते. झडपच नसली तर गरम पाणी रेडिएटरकडं पुरतं न जाता त्या आडवाटेनं परत इंजिनातच शिरतं. म्हणजे तापू नये म्हणून काढली आणि घाटात जास्तच तापली.

हे पुस्तकी नाही. आमच्या भावकीतल्या एका पोरानं जुनी कार घेतली. घाटात काटा वर जातो म्हणून एका गॅरेजवाल्यानं थर्मोस्टॅट काढून दिला, कूलंट सोडून साधं पाणी भरून दिलं. सपाटीला गाडी झकास. पावसाळ्यात काही जाणवलं नाही. मे महिन्यात चिपळूणहून येताना घाटात गाडी बंद. हेड वाकडं, गॅस्केट गेलेलं. त्या साली उसाचा जो हप्ता आला तो तसाच दुरुस्तीला गेला. मूळ दोष काय होता? रेडिएटरच्या तळाचा एक भाग चोक झालेला. तो सुरुवातीलाच साफ केला असता तर फार थोडक्यात भागलं असतं.

घाटातच का तापतं, तेही सांगतो. चढाला जोर जास्त म्हणजे जाळ जास्त. वेग कमी म्हणजे वारा कमी. वरून मे महिन्याची हवाच तापलेली, आणि एसीची जाळी रेडिएटरच्या पुढं, तिची उष्णता याच्या अंगावर. सपाटीला जो दोष लपतो तो घाटात उघडा पडतो. घाट इंजिन बिघडवत नाही, तपासतो.

तापण्याची तऱ्हा बघून दोष ओळखता येतो. मी वहीत असं लिहून ठेवलंय:

उभी असताना किंवा गर्दीत तापते, पळताना उतरते: पंखा, त्याचा फ्यूज किंवा मोटर बघा. ट्रॅक्टर असेल तर पट्टा ढिला आहे का बघा.

सपाटीला ठीक, चढाला किंवा वेगात तापते: रेडिएटर आतून चोक, नाहीतर जाळीत माती-भुसा. पाणी कमी आहे का तेही बघा.

चालू केल्यावर थोड्याच वेळात तापते, वरचा होज गरम, रेडिएटर गार: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला.

बाटलीत सारखे बुडबुडे, पाणी रोज कमी होतंय पण गळती दिसत नाही, सायलेन्सरमधून पांढरी गोड वासाची वाफ: हेड गॅस्केट. गाडी पुढं चालवू नका.

ऑइल चहासारखं दुधाळ झालं: पाणी ऑइलमध्ये शिरलं. चालूच करू नका.

आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पाणी पूर्ण निघून गेलं तर काटा कधीकधी खालीच दिसतो. कारण काट्याचा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरं सांगतो. तो वाफेत उघडा पडला तर फसवतो. म्हणून नुसत्या काट्यावर विसंबू नये. वास, वाफ, ओढ कमी होणं, याकडंही लक्ष पाहिजे.

घाटात काटा वर जायला लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा. आपल्याला घाम फुटेल, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. खालचा गिअर टाकून बेतानं चला. तरी काटा लाल रेघेकडं गेला तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. माथा एक किलोमीटरवर असला तरी. तो एक किलोमीटरच इंजिन घालवतो.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी वेगळं. मळणी आणि रोटाव्हेटरच्या दिवसांत जाळीवर भुसा बसतो. रोज संध्याकाळी जाळी इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला हवेनं साफ करावी. पाण्याचा जोरदार फवारा समोरून मारला तर भुसा आतच ठासतो आणि पाकळ्या वाकतात. कूलंट कंपनीच्या पुस्तकात सांगितलंय तेच आणि तेवढ्याच मुदतीनं बदलावं. मिसळायला पाणी डिस्टिल्ड घ्यावं, बॅटरीच्या पाण्याच्या बाटल्या मिळतात त्यातलं. वाटेत अडलात आणि साधंच पाणी टाकावं लागलं तर टाका, त्याशिवाय इलाज नाही. पण घरी आल्यावर ते काढून कूलंट भरून घ्या.

जुन्या माणसांचं काहीच घ्यायचं नाही असं मी म्हणत नाही. रोज सकाळी इंजिन चालू करायच्या आधी पाणी बघायची त्यांची सवय सोन्यासारखी आहे. पिपातली पातळी ते डोळ्यानं बघायचे. आता बाटलीवर कमी-जास्तीच्या दोन रेघा असतात, त्यांच्या मध्ये पातळी पाहिजे. कॉकखाली हात धरून इंजिन फार गार तर नाही ना हे बघणंही बरोबरच होतं, आता ते काम झडप करते, तिला करू द्यावं. सोडायच्या त्या तीनच गोष्टी: गरम झाकण उघडणं, बोअरचं पाणी भरणं, आणि थर्मोस्टॅट काढणं.

मे महिन्यात लग्नसराईला कोकणात उतरायच्या आधी एक सकाळ गाडीला द्या. बाटली बघा, होज दाबून बघा, पंखा फिरतो का बघा, जाळी साफ करा.